सिरपूर, रालामंडल आणि निगमाचे अंदाजपत्रक: मोकळी जागा राखण्यासाठी सार्वजनिक पैसा कसा मागावा?

रामबागकर (इंदूर)

सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या गटाने यंदा नगर निगमाच्या अंदाजपत्रकासाठी लेखी सूचना द्यायचे ठरवले आहे. पार्षदांनी (नगरसेवकांनी) स्वतःच सांगितले, की तोंडी मागण्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत, दोन पानांचे टिपण द्या. टिपण लिहायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे आणि पहिल्याच बैठकीत गाडी अडली. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे, की सिरपूर तलावाच्या काठाने रंगीत दिवे, कारंजे आणि बसायला छत्र्या झाल्या म्हणजे लोक येतील. दुसरे म्हणतात, की निम्म्या शहरातले रस्ते खोदलेले असताना तलावावर आणि टेकडीवर पैसा घालणे ही चैन आहे.

पार्श्वभूमी आपणा सर्वांना ठाऊक आहेच. सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. पहिला सुमारे १६१ हेक्टरांचा, दुसरा आठशे हेक्टरांहून मोठा. २०२५च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही पाणथळ शहरे म्हणून मान्यता मिळालेली देशातली पहिली दोन शहरे ठरली. रालामंडलच्या टेकडीला १९८९पासून अभयारण्याचा दर्जा आहे. मानमरातब पुष्कळ मिळाले. या जागा पुढची पन्नास वर्षे टिकाव्यात म्हणून दरवर्षी कोणता पैसा, कोणत्या शीर्षाखाली आणि किती खात्रीने येतो, हे मात्र आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा कामासाठी सार्वजनिक पैशाचे कोणते मार्ग खरोखर उपलब्ध आहेत? लोकांच्या फिरण्या-खेळण्याचा लाभ हिशेबनिसाला पटेल अशा भाषेत कसा मांडावा? आणि निसर्गरक्षण व मनोरंजन या दोन गोष्टी एकाच मागणीत घालणे मुळात योग्य आहे का?

जमाखर्च (इंदूर, निवृत्त)

रामबागकर काका, सरकारी लेखा विभागात बरीच वर्षे काढल्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मागणी चुकीच्या दारात नेली तर ती कितीही रास्त असली तरी तिथेच पडून राहते.

निगमाला हे काम आपल्या अखत्यारीत नाही असे म्हणता येत नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरी वनीकरण व पर्यावरणाचे रक्षण ही एक नोंद आहे आणि उद्याने, बागा, क्रीडांगणे यांसारख्या नागरी सोयी ही दुसरी, वेगळी नोंद आहे. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच मिळते. कायद्याने ही दोन कामे स्वतंत्र मानली आहेत आणि टिपणातही त्यांचे दोन स्वतंत्र परिच्छेद असावेत. एकत्र केली, की सगळा पैसा दुसऱ्या नोंदीकडे वाहतो, कारण बागेतले काम डोळ्यांना दिसते.

निगमाबाहेरचे मार्ग असे आहेत. पाणथळ जागांसाठी केंद्राची जलीय परिसंस्थांच्या रक्षणाची राष्ट्रीय योजना आहे. तलावांची आणि पाणथळींची अशा दोन जुन्या योजना २०१३ साली एकत्र करून ती झाली. तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. वनजमिनीसाठी मोठा स्रोत म्हणजे प्रतिपूरक वनीकरण निधी, ज्याला सगळे कॅम्पा म्हणतात. रस्ता, खाण किंवा रेल्वेसाठी वनजमीन वळवली गेली, की प्रकल्प करणाऱ्या संस्थेला नव्या लागवडीचा खर्च आणि गमावलेल्या जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्या जंगलापासून पुढे मिळाले असते त्या लाभांची आजची किंमत, भरावे लागते. त्याचा कायदा २०१६चा, अंमल २०१८पासून. ९० टक्के रक्कम राज्याकडे आणि १० टक्के केंद्राकडे राहते. या केंद्राच्या वाट्यातूनच २०२०पासून नगर वन योजना चालते, जिच्यात शहरातल्या किंवा शहरालगतच्या दहा ते पन्नास हेक्टर जागेवर नागरिकांसाठी जंगल उभे करता येते. पुण्याच्या वारजे येथील वनाचा तिच्यासाठी नमुना म्हणून उल्लेख झाला होता.

आता एक गोष्ट अंमळ सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते खरी अडचण तिच्यातच आहे. वरच्या बहुतेक योजना भांडवली खर्चासाठी आहेत. त्यांतून भिंत होते, पायवाट होते, दरवाजा होतो. त्या जागेवर रात्री कोण थांबणार, जलकुंभी (जलपर्णी) दरवर्षी कोण उपसणार, तलावाकडे पाणी आणणाऱ्या नाल्यात पावसाळ्यापूर्वी साचलेला राडारोडा कोण काढणार, या सगळ्याचा खर्च महसुली असतो आणि तो निगमाच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागवावा लागतो. मोजमाप पुस्तिकेत पेव्हर ब्लॉकचे चौरस मीटर नेमके लिहिता येतात आणि ठेकेदाराचे बिल त्यावर निघते. पाणलोटात एका वर्षात काहीही न बिघडणे हे त्या पुस्तिकेच्या कोणत्या रकान्यात लिहायचे? म्हणूनच मूळ प्रश्न सांडपाण्याचा असला तरी प्रत्येक तलावावर फरशी वाढत जाते. आपल्या टिपणात एकच मागणी ठेवायची झाली तर ती ही ठेवा, की सिरपूरच्या देखभालीचे स्वतंत्र महसुली लेखाशीर्ष असावे आणि त्यातील रक्कम वर्षाच्या मधेच दुसरीकडे वळवता येऊ नये.

राज्याच्या पातळीवरचा एक मुद्दाही जोडता येईल. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना वन आणि परिस्थितिकी या निकषाला १० टक्के भार दिला. वनक्षेत्रात मध्य प्रदेश देशात पहिला आहे, म्हणजे या निकषाचा लाभ आपल्याला भरघोस मिळतो. परंतु ती रक्कम सर्वसाधारण तिजोरीत जाते आणि जंगलावरच खर्च करण्याचे बंधन कोणावरही नसते. जंगलाच्या नावाने आलेल्या पैशाचा काही भाग जंगलाकडे परत जावा, एवढी मागणी तरी वावगी म्हणता येणार नाही.

धाररोड (इंदूर)

वरचे सगळे विवेचन मान्य केले तरी एक बाजू इथे कुणी मांडलेली नाही. आमची वस्ती तलावापासून फार लांब नाही. घरातल्या जुन्या माणसांची गुरे त्या काठावर चरत, काही कुटुंबे मासेमारीवर जगत. रक्षण सुरू झाले तेव्हा आम्हाला पहिल्यांदा दिसले ते कुंपण. त्यानंतर दरवाजा आला, दरवाज्यावर तिकीट आले, आणि सकाळी मोटारीतून येणारी मंडळी आत व आम्ही बाहेर अशी व्यवस्था झाली. तलाव वाचला याचा आनंद आहे; तो वाचला नसता तर आज तिथे आणखी एक कॉलनी उभी असती, हेही मी जाणतो. परंतु सार्वजनिक पैसा म्हणजे आमच्याही खिशातला पैसा, आणि ज्यांना दूर जाऊन मन रमवणे परवडत नाही त्यांच्यासाठी घराजवळची मोकळी जागा जास्त मोलाची असते. आपल्या टिपणात भोवतालच्या वस्त्यांना विनाशुल्क प्रवेश आणि राखणदारीच्या कामात तिथल्याच तरुणांना प्राधान्य ही दोन वाक्ये नसतील, तर ते सकाळी फिरणाऱ्यांनी सकाळी फिरणाऱ्यांसाठी लिहिलेले टिपण ठरेल.

माळव्याची लेक (सध्या कोलोरॅडो, अमेरिका)

शिक्षण इंदूरचे, नोकरीमुळे इकडे. धाररोड दादांचा मुद्दा मनाला लागला, आणि इथली पद्धत सांगताना तो मी नजरेआड करणार नाही.

अमेरिकेत १९६४ साली भूमी आणि जल संधारण निधीचा कायदा झाला. १९६८च्या दुरुस्तीने त्यात एक साधा विचार आला: समुद्रातले तेल आणि वायू काढण्याचे हक्क देऊन सरकारला जो पैसा मिळतो, त्यातला काही भाग जमीन राखण्यासाठी आणि लोकांना घराबाहेर मोकळेपणाने वावरता येईल अशा जागांसाठी द्यायचा. एक नैसर्गिक ठेवा संपतो आहे, तर त्याच्या किमतीतून दुसरा जपावा. निधीची मर्यादा वर्षाला ९० कोटी डॉलर ठरली, पण प्रत्यक्षात दशकानुदशके संसद त्यापेक्षा कितीतरी कमी मंजूर करत राहिली आणि उरलेला पैसा इतर कामांत जिरला. संपूर्ण रक्कम दरवर्षी मिळण्याची कायमची तरतूद व्हायला २०२० साल उजाडले. जमाखर्च काका ज्या वळवावळवीची भीती व्यक्त करतात, तिचा यापेक्षा बोलका दाखला मिळणे कठीण आहे.

मला सर्वांत उपयोगी वाटते ती मात्र त्या कायद्यातील एक अट. या निधीचा पैसा राज्यांना आणि गावांना मिळतो तेव्हा निम्मा खर्च त्यांना स्वतः करावा लागतो, आणि ज्या जागेला तो पैसा लागला ती जागा सार्वजनिक मैदानी मनोरंजनासाठी कायमची बांधली जाते. पुढे तिथे शाळा, वाहनतळ किंवा कार्यालय हवे झाले, तर केंद्राची मंजुरी घेऊन किमान तेवढ्याच किमतीची आणि तितकीच उपयोगी दुसरी जागा द्यावी लागते. अनुदान छोटे असले तरी बंधन मोठे, अशी ही रचना आहे. गावात नवे पदाधिकारी आले आणि त्यांना मैदानावर बाजार बांधावासा वाटला, तरी जुन्या अनुदानाचा कागद आडवा येतो. एक उणीवही सांगायला हवी, की हे बंधन मनोरंजनासाठी आहे, निसर्गासाठी नाही. क्रीडांगण म्हणून राखलेल्या जागेवर हिरवळीखेरीज काही उगवले नाही तरी कायद्याची हरकत नसते.

कोलोरॅडोचेही दोन दाखले देते. बोल्डर शहराच्या मतदारांनी १९६७ साली स्वतःहून विक्रीकरात ०.४ टक्क्याची भर मंजूर केली, ती शहराभोवतालची मोकळी जमीन विकत घेण्यासाठी. आज शहराला लागून असलेल्या डोंगरउतारांवर लोक मोफत चालतात, सायकल चालवतात, आणि काही जमिनींवर अजून शेती व गुरेचराई चालू आहे. राज्याच्या लॉटरीचे उत्पन्न उद्याने, मोकळ्या जागा आणि वन्यजीव यांच्याकडे वळवणारी राज्यघटनेतील दुरुस्ती १९९२ साली मतदानानेच झाली. आपल्याकडे असे मतदान होत नाही, हे खरे. परंतु इंदूरच्या संपत्तीकराच्या बिलात शिक्षा उपकर आणि नगरीय विकास उपकर असतातच. त्यातील विकास उपकराचा एक ठराविक हिस्सा मोकळ्या जागांच्या देखभालीला बांधून घ्यावा असे सुचवायला काय हरकत आहे? नवा कर मागितला तर पहिल्याच ओळीला कागद बाजूला पडेल.

पाणवठा (इंदूर)

ताईंनी सांगितलेल्या बंधनाच्या जवळ जाणारे एक बंधन आपल्याकडेही आहे आणि ते फारसे कुणी वाचत नाही. पाणथळ जागांविषयीचे २०१७चे नियम रामसर स्थळांना लागू आहेत. त्यांनुसार अशा जागेचा अन्य कामासाठी वापर, अतिक्रमण आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे निषिद्ध आहे; शिवाय नियम लागू होण्यापूर्वीच्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरांच्या आत बोटीच्या धक्क्याखेरीज कोणतेही पक्के बांधकाम करता येत नाही. आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या छत्र्या आणि कारंजी नेमकी कुठे बसवायची, हे त्यांना एकदा नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. बहुतेक चर्चा तिथेच संपेल.

सिरपूर आज जे आहे ते सरकारी निधीच्या आधी स्वयंसेवकांच्या चिकाटीमुळे आहे. छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तलाव लावून धरला नसता, तर रामसर यादीत घालायला काही उरलेच नसते. पण स्वयंसेवक पहाटे पक्षी मोजू शकतात, कचरा उचलू शकतात. पाणलोटातल्या नव्या वसाहतींचे सांडपाणी वळवणे हे त्यांच्या हातचे काम नाही. ते सार्वजनिक पैशाचेच काम आहे.

मनोरंजनाविषयी माझे मत थोडे कडक आहे. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात तेव्हा काठावरून संथ चालणारा माणूस त्यांना चालतो, थोडा वेळ थांबलात तर बदके पुन्हा जवळ सरकतात. ध्वनिवर्धक, झगमगते दिवे आणि पाण्यावर उडवलेला ड्रोन मात्र त्यांना चालत नाही. मोटारबोटीने एक फेरी मारली, की थवा उठतो आणि बराच वेळ पाण्यावर उतरत नाही; ज्या पक्ष्यांसाठी लोक आले, तेच लोकांना दिसेनासे होतात. तेव्हा मागणी पायवाटेची करावी, तीही मातीची. पक्षी पाहण्यासाठी एकदोन आडोशांची करावी, आणि काठाचा एक भाग माणसांसाठी पूर्ण बंद ठेवण्याची करावी.

यशवंत सागरचा प्रश्न वेगळा आहे. तिथे सारस दिसतात आणि सारस तलावापुरता राहत नाही, भोवतालच्या शेतांत वावरतो, ओल्या कडेला घरटे करतो. ती शेते खासगी मालकीची आहेत. घरटे असलेल्या कोपऱ्यातले पीक उशिरा कापणाऱ्या शेतकऱ्याला नुकसानीची रक्कम देणे हे जमीन विकत घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. दुर्दैवाने भिंत बांधायला जसे शीर्ष सापडते, तसे या खर्चाला सहजी सापडत नाही.

मांडवीकर (बडोदे)

इंदूरच्या धाग्यात बडोदेकराने डोकावतो, क्षमस्व. आमच्याकडे सयाजीबाग १८७९ची आहे आणि डभोई तालुक्यातील वढवाणा जलाशय, जो सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधला, २०२१ साली रामसर स्थळ झाला. पण तुमच्या टिपणासाठी उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा नदीकाठच्या कोतरांत (घळींत) आणि सखल जागांत झालेल्या भरावांविषयी जे लोक आधी बोलत होते, त्यांचे म्हणणे सर्वांना ऐकावे लागले. पुराचे पाणी सामावून घेणारी जागा उरलेले दहा महिने फिरायला, खेळायला मोकळी असते. मनोरंजनाचा लाभ तेवढाच मांडला तर तो चैनीत मोजला जातो. त्याच जागेचा पुराशी आणि भूजलाशी असलेला संबंध शेजारी लिहिला, तर अभियंतेही तुमच्या बाजूने बोलतात.

जमाखर्च (इंदूर, निवृत्त)

मांडवीकरांशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते, ते देतो. लाभ मोजण्याची एक जुनी आणि सोपी पद्धत आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेला पत्र लिहून सुचवले, की प्रवेश फुकट असला तरी माणूस तिथवर पोहोचायला जो पैसा आणि वेळ खर्च करतो, त्यावरून त्या जागेचे त्याच्या लेखी मोल काढता येते. आपण पावसाळ्यातल्या रविवारी इंदूरभोवतीच्या चोरल, पाताळपाणी, तिंछा किंवा जानापावच्या वाटेवर लागणारी वाहने पाहिली, तर इंदूरकर मोकळ्या हवेसाठी किती खर्च करायला तयार असतो ते वेगळे सांगायला नको. गटातील मंडळींनी सिरपूरच्या दरवाज्यावर आणि रालामंडलच्या पायथ्याशी एक कामाचा दिवस आणि एक रविवार माणसे मोजावीत, कुठून आलात आणि कसे आलात एवढेच विचारावे, आणि धाररोड यांच्या वस्तीतून पायी येणाऱ्यांची नोंद वेगळी ठेवावी. पायी येणाऱ्याचा प्रवासखर्च जवळजवळ शून्य निघतो, म्हणून या पद्धतीत गरिबाचा लाभ कमी दिसतो. ती त्रुटी टिपणात स्पष्ट लिहावी, म्हणजे कुणी तिचा गैरफायदा घेणार नाही.

पाताळपाणीचे नाव घेतलेच आहे, तर आणखी एक. अशा ठिकाणी पावसाळ्यात अचानक लोंढा येऊन माणसे वाहून गेली आहेत. धबधब्याच्या वरच्या अंगाला पर्जन्यमापक, खाली भोंगा आणि हंगामापुरते दोनचार प्रशिक्षित रक्षक यांचा खर्च एका कमानीपेक्षा जास्त होणार नाही. महू ते खंडवा मार्गाचे ब्रॉडगेज काम त्याच घाटातल्या जंगलातून जात आहे. त्यापोटी वनविभागाकडे जमा होणाऱ्या रकमेतील काही भाग चोरलच्या खोऱ्यातच खर्च व्हावा, ही मागणी निगमाकडे नव्हे, वनमंडळाकडे स्वतंत्र पत्राने करावी लागेल.

रामबागकर (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल बैठक झाली आणि पाणवठा यांनी सांगितलेला पन्नास मीटरांचा नियम मी वाचून दाखवला. ज्येष्ठ सभासदांनी छत्र्यांचा आग्रह सोडला, कारंज्याचा अजून सोडलेला नाही. ते आता मेघदूत उद्यानाकडे वळले आहेत, आणि तिथे माझी काही हरकत नाही.

टिपण आता असे आकार घेत आहे. पहिल्या पानावर सिरपूरच्या देखभालीचे स्वतंत्र महसुली शीर्ष, त्यात नाल्यांची सफाई, जलकुंभी आणि राखणदार एवढीच कामे, आणि राखणदार शक्यतो शेजारच्या वस्तीतले. त्याखाली विकास उपकराच्या हिश्श्याची सूचना. दुसऱ्या पानावर मातीची पायवाट, बंद ठेवायचा काठ आणि भोवतालच्या वस्त्यांना विनाशुल्क प्रवेश. माणसे मोजण्याचे काम दोन तरुण सभासदांनी पत्करले आहे. वनमंडळाचे पत्र वेगळे जाईल. ज्यांना रस्ते आधी हवे होते, त्यांनी सही करताना अशी अट घातली, की यातील एक रुपयाही फरशीवर जाणार नाही असे ठळक अक्षरांत लिहावे. ते आनंदाने लिहिले.

एक अडचण मात्र उरली आहे. तलावाची हद्द कागदावर कुठे आहे हे दाखवल्याशिवाय पन्नास मीटर कुठून मोजायचे? जुने खुंट जागेवर सापडत नाहीत.

जमाखर्च (इंदूर, निवृत्त)

पूररेषा आणि महसुली हद्द या दोन वेगळ्या रेषा आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. हद्दीसाठी तलावाचे आणि लगतच्या सर्व जमिनींचे खसरा (सर्व्हे) क्रमांक काढा. खसरा आणि नकाशाच्या नकला लोकसेवा केंद्रातून अर्ज करून मिळतात. त्यानंतर तहसीलदारांकडे सीमांकनाचा अर्ज करावा लागेल, आणि तो निगमानेच करावा असे टिपणात लिहा, कारण जमिनीशी मालकीचा संबंध नसलेल्या नागरिकाचा अर्ज तिथे टिकणे कठीण. पूररेषेसाठी राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाला वेगळे पत्र द्या. पटवारी मोजणीला येईल त्या दिवशी आपल्यापैकी दोघांनी हजर राहावे आणि धाररोड यांच्या वस्तीतल्या एखाद्या वृद्ध गृहस्थांना सोबत न्यावे. जुने खुंट कुठे होते ते त्यांना आठवत असेल.

धाररोड (इंदूर)

माझे काका येतील. दिवस ठरला की कळवा.